मुरगावच्या धक्क्यावरचे ग्रिप्सहोल्म: प्रतिकृती, पदके आणि गावातील प्रदर्शन कसे उभारावे

दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, १६ ऑक्टोबर १९४३ रोजी, ग्रिप्सहोल्म नावाचे स्वीडनचे पांढरेशुभ्र प्रवासी जहाज मुरगाव बंदरात आले. तेइया मारू हे जपानी जहाज आदल्याच दिवशी तिथे पोचले होते. ग्रिप्सहोल्ममध्ये अमेरिका खंडातून परत पाठवले जाणारे १,३०० हून अधिक जपानी नागरिक होते, आणि तेइया मारूमध्ये चीन, हाँगकाँग, फिलिपिन्स व आग्नेय आशियात जपानच्या ताब्यात अडकलेले सुमारे १,५०० अमेरिकन, कॅनेडियन व इतर देशांचे नागरिक होते. पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ असल्यामुळे त्याच्या सत्तेखालील गोवा दोन्ही शत्रुपक्षांना चालण्यासारखा होता. १९ ऑक्टोबरला दोन्ही जहाजांतील माणसे मुरगावच्या धक्क्यावर उतरली आणि एकमेकांच्या जहाजात चढली. युद्धकैद्यांसाठी आणलेली रेडक्रॉसची औषधे व अन्नाची पार्सले ग्रिप्सहोल्ममधून तेइया मारूमध्ये गेली. २२ तारखेला ग्रिप्सहोल्मने बंदर सोडले आणि १ डिसेंबरला ते न्यूयॉर्कला पोचले.

वास्कोत वाढूनही मला ही हकीकत चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हती. ती कळली तेव्हा वाटले, की ज्या धक्क्यावरून इतकी माणसे आपापल्या घरच्या वाटेला लागली, त्या धक्क्याच्या गावाने ती विसरणे बरे नव्हे. म्हणून आमच्या वाचनालयातील पाचसहा जणांनी मिळून जहाजाची प्रतिकृती घडवली, तालुक्यातील तारवट्यांच्या, म्हणजे जहाजांवर नोकरी केलेल्या माणसांच्या, घरची पदके मागून आणली आणि एक छोटे प्रदर्शन मांडले. ते करताना आम्हाला जे जमले आणि जे चुकले, त्यावरून हे मार्गदर्शन लिहीत आहे. गावातील एखादे वाचनालय, शाळा किंवा मंडळ हे काम साधारण चार महिन्यांत पार पाडू शकते. त्यासाठी फार पैसा लागत नाही, पण सुरुवातीपासून एक नियम पाळावा लागतो: जहाज आणि पदके यांविषयी जे पक्के ठाऊक आहे तेवढेच मांडावे, कारण गावाचा अभिमान एकदा खोट्या वाक्यावर उभा राहिला की पुढे ते वाक्य खोडण्याचे धाडस कुणाला होत नाही.

जहाज नीट ओळखणे

प्रतिकृतीचे काम लाकडापासून सुरू होत नाही, छायाचित्रांपासून होते. ग्रिप्सहोल्म या नावाने शोध घेतला की दोन वेगवेगळ्या जहाजांची चित्रे समोर येतात आणि पहिली चूक तिथेच होते. आपले जहाज १९२५ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आर्मस्ट्राँग व्हिटवर्थच्या गोदीत स्वीडिश अमेरिकन लाइनसाठी बांधले गेले. त्याला स्वीडनमधील मारिएफ्रेड या गावातील जुन्या किल्ल्याचे नाव दिले होते. अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजांपैकी डिझेल इंजिनांवर चालणारे हे पहिले. आपल्याकडे जुनी माणसे प्रत्येक मोठ्या जहाजाला आगबोट म्हणतात, पण याचे पंखे वाफेवर फिरत नव्हते, हे मुलांना आवर्जून सांगावे. याच कंपनीने १९५७ साली ग्रिप्सहोल्म नावाचे दुसरे जहाज सेवेत आणले. ते अधिक निमुळते आणि आधुनिक दिसते, आणि त्याची रंगीत छायाचित्रे सहज मिळतात म्हणून नवखा माणूस तीच उचलतो.

आपल्या जहाजाचीही दोन रूपे आहेत. १९४९ च्या सुमारास त्याची नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, बदलून पुढे झुकती केली गेली आणि धुराडी मोठी, नव्या घाटाची बसवली गेली. पुढे ते एका जर्मन कंपनीला विकले गेले, १९५५ मध्ये त्याचे नाव बर्लिन झाले आणि १९६६ मध्ये इटलीतील ला स्पेझिया येथे ते मोडीत निघाले. म्हणजे नाळ झुकती दिसली किंवा नाव बर्लिन दिसले, तर ते छायाचित्र मुरगावला आलेल्या रूपाचे नाही. १९४३ चे रूप असे: नाळ जवळजवळ उभी, दोन बुटकी धुराडी, दोन डोलकाठ्या, आणि पांढऱ्या अंगावर रोमन लिपीत भल्यामोठ्या अक्षरांत ग्रिप्सहोल्म, स्वीडनचे स्वीडिश नाव आणि डिप्लोमॅट हे शब्द, सोबत स्वीडनच्या झेंड्याचे निळे व पिवळे रंग. कोणत्याही पाणबुडीने ओळखण्यात चूक करू नये म्हणून ही अक्षरे रंगवली होती आणि रात्री जहाज दिव्यांनी उजळलेले असे. आपण जहाज घडवायचे ते याच वेषातले. ऐन शांततेच्या काळातील रूप अधिक देखणे वाटले तरी ते मुरगावच्या धक्क्याने पाहिलेले नाही.

छायाचित्रावरून माप घेणे

जहाजाचे मूळ नकाशे हाती नसतील तरी काम अडत नाही. जहाजाची लांबी सुमारे ५७५ फूट, म्हणजे १७५ मीटर होती, आणि रुंदी साधारण साडेबावीस मीटर. एकास ३५० हे प्रमाण धरले तर प्रतिकृती ५० सेंटिमीटर लांब आणि साडेसहा सेंटिमीटर रुंद होते. वाचनालयातील टेबलावर ती मावते, आणि शाळकरी मुलाच्या नजरेत भरण्याइतकी मोठीही असते. एकास २०० घेतल्यास लांबी ८७ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि काचपेटीचा खर्च दुप्पट होतो, त्यामुळे पहिल्या खेपेला तो मोह टाळावा.

आता युक्ती सांगतो. जहाजाचे संपूर्ण बाजूने घेतलेले, शक्य तितक्या लांबून टिपलेले छायाचित्र निवडावे आणि ते झेरॉक्सच्या किंवा फ्लेक्सच्या दुकानात असे मोठे करून छापून घ्यावे, की नाळेपासून पिछाडीपर्यंत जहाज बरोबर ५० सेंटिमीटर भरेल. त्या कागदावर पट्टी ठेवून मोजलेले प्रत्येक माप हे थेट प्रतिकृतीचे माप असते: धुराड्याची उंची, डोलकाठीचे अंतर, लाइफबोटीची लांबी, बाजूवरच्या अक्षरांची उंची. गुणाकार, भागाकार काहीच करावे लागत नाही. छायाचित्र थोडे तिरके असेल तर जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान भरते, म्हणून दोन वेगवेगळ्या छायाचित्रांवरून एकच माप घेऊन पाहावे आणि दोन मिलिमीटरहून अधिक फरक आला तर तिसरे शोधावे. या प्रमाणात माणूस पाच मिलिमीटरचा होतो, हे लक्षात ठेवले म्हणजे दार, जिना, कठडा यांचे आकार डोळ्यांनाच पटू लागतात.

सांगाडा आणि रंग

हे जहाज धक्क्याला लागलेले दाखवायचे असल्याने पाण्याखालचा भाग करण्याची गरज नाही. पाण्याच्या रेषेपासून वरचा भाग घडवावा आणि तो पाण्यासारख्या रंगवलेल्या पाटावर बसवावा. यामुळे काम निम्म्याने कमी होते.

लाकूड शिवणीचे घ्यावे. ते हलके आहे, कापायला सोपे आहे, आकार सोडत नाही आणि रंग चांगला धरते. सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची होत असत तो पांगाराही चालेल, पण तो फार मऊ असल्याने कडा लवकर बोथट होतात. गिरणीतून फळ्या आणल्यावर त्या किमान तीन आठवडे घरात, हवेशीर जागी, मध्ये पट्ट्या ठेवून रचाव्यात. बारा मिलिमीटर जाडीच्या फळ्या एकावर एक चिकटवून ठोकळा करावा, वरून जहाजाच्या माथ्याचा आकार पुठ्ठ्याने आखून घ्यावा आणि आधी करवतीने, मग रंध्याने, मग कानशीने उतरवत न्यावा. नाळेच्या दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. पुठ्ठ्याचा एकाच बाजूचा साचा कापून तो उलटा करून दुसऱ्या बाजूला लावावा, फट दिसली तर तिथे अजून घासावे. आमच्या ठोकळ्याला हे करायला नऊ संध्याकाळी लागल्या आणि त्या सत्कारणी लागल्या असे मी म्हणेन, कारण नाळ चुकली की पुढे कितीही बारकावे केले तरी जहाज ओळखू येत नाही.

वरचे मजले एक मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटचे किंवा आयव्हरी कार्डाचे करावेत. गावात नरकासुर, मखर किंवा शिगमोत्सवाचे चित्ररथ करणारी मुले असतातच, आणि सनबोर्ड व कटर यांच्यावर त्यांचा हात कुणाही शौकिनापेक्षा बसलेला असतो. हे काम त्यांच्याकडे द्यावे. फक्त एक गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागते: चित्ररथ वीस हातांवरून पाहायचा असतो आणि ही प्रतिकृती वीतभरावरून, म्हणून चित्ररथात झाकले जाणारे जोड इथे उघडे पडतात. कार्ड वापरले तर कापण्यापूर्वीच त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ लॅकरचा हात द्यावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात.

गोल खिडक्या एक मिलिमीटरच्या बिटाने हातड्रिलवर पाडाव्यात. आधी पेन्सिलीची सरळ रेष मारून, तिच्यावर छापील कागदाची पट्टी चिकटवून, सुईने खुणा टोचून घ्याव्यात, म्हणजे बिट सरकत नाही. एका बाजूला शे-दीडशे खिडक्या होतात. हे काम एकाच माणसाने करावे आणि एका बैठकीत वीसपंचवीसपेक्षा अधिक पाडू नयेत, कारण हात दमला की रांग खाली उतरू लागते.

रंगासाठी आमच्या हवामानाचा विचार पहिला. जून ते सप्टेंबर या काळात लॅकर किंवा वार्निश मारू नये. हवेतील ओल त्यात अडकून त्यावर दुधाळ साय आल्यासारखे होते आणि ते पुन्हा खरवडावे लागते. लाकडाचा ठोकळा पावसाळ्यापूर्वी करून ठेवावा, पावसाळ्यात प्लास्टिकचे सुटे भाग जुळवावेत आणि रंग दसऱ्याच्या सुमारास द्यावा. ज्यांना यंदाच ऑक्टोबरला प्रदर्शन करायचे आहे त्यांनी सगळे रंगकाम मे महिन्यातच उरकावे. पांढऱ्या रंगाचे तीन पातळ हात द्यावेत, प्रत्येक हातानंतर बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने हलके घासावे. धुराडी पिवळी, आणि त्यांवर निळ्या वर्तुळात तीन सोनेरी मुकुट, ही त्या कंपनीची खूण होती. मुकुट हाताने काढण्याचा हट्ट धरू नये, छापून चिकटवावेत.

बाजूवरची अक्षरे गाड्यांच्या नंबर प्लेटची रेडियम कटिंग करणाऱ्या दुकानातून कापून आणावीत. आठनऊ मिलिमीटर उंचीची अक्षरे तिथले यंत्र स्वच्छ कापते. पण संगणकातील कोणताही तयार टाइप देऊ नये. मोठ्या केलेल्या छायाचित्रावर पारदर्शक कागद ठेवून अक्षरांचा घाट काढून न्यावा आणि दुकानदाराला तो स्कॅन करायला सांगावा. अक्षरे चिकटवताना साबणाच्या पाण्याचा हलका थेंब खाली दिला म्हणजे ती सरकवून जागेवर आणता येतात.

दिवे लावणार असाल तर मखरातली रंगीत माळ नको. पिवळसर पांढऱ्या बारीक एलईडी घ्याव्यात, त्या ठोकळा पोकळ केलेल्या भागात आणि मजल्यांच्या आत ठेवाव्यात, आणि वायर पाटाखालून काढावी. पोकळी खिडक्या पाडण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. आतून सगळ्या भिंतींना आधी काळा रंग द्यावा, नाहीतर प्रकाश खिडकीतून येण्याऐवजी भिंतीतूनच झिरपतो आणि जहाज कंदिलासारखे दिसते. आम्ही पहिल्यांदा ही काळजी घेतली नव्हती आणि वरचे दोन मजले पुन्हा उघडावे लागले.

तेइया मारूची पूर्ण प्रतिकृती करणे पहिल्या वर्षी झेपणार नाही. पाटाच्या टोकाला त्याची सनबोर्डात कापलेली आकृती उभी करावी. मूळचे ते आरामिस नावाचे फ्रेंच प्रवासी जहाज, १९४२ मध्ये जपानने ताब्यात घेतलेले. त्याची धुराडी चौकोनी होती, ती तेवढी नेमकी कापली तरी जाणकार माणूस जहाज ओळखतो. १८ ऑगस्ट १९४४ रोजी फिलिपिन्सजवळ अमेरिकन पाणबुडीने ते बुडवले. मुरगावला माणसे परत देऊन गेलेले जहाज वर्षभरही टिकले नाही, हे प्रेक्षकांना सांगताना माझा आवाज आजही जड होतो.

तारवट्यांची पदके

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ग्रिप्सहोल्म स्वीडिश जहाज होते. गोव्यातील तारवटी प्रामुख्याने पी अँड ओ, ब्रिटिश इंडिया अशा कंपन्यांच्या जहाजांवर जात, आणि प्रवाशांच्या जेवणाखाणाची व खोल्यांची सेवा गोवेकरांकडे असे. मुंबईतल्या धोबीतलावच्या गावागावांच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक वसतिगृहांत, राहून ते जहाजाची वाट पाहत. म्हणून गावातील कुणाच्या आजोबांचे पदक ग्रिप्सहोल्मच्या काचपेटीत ठेवले तर पाहणारा ते त्याच जहाजावर होते असे समजतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी हेच झाले आणि दुपारपर्यंत ती समजूत गावभर पसरली. पदकांची पेटी वेगळी ठेवावी आणि तिच्यावर लिहावे: याच युद्धात, याच समुद्रावर, इतर जहाजांवर काम केलेली आपली माणसे.

पदके आणायला जाण्यापूर्वी ती ओळखता आली पाहिजेत. घरोघरी बहुतेक वेळा सापडतो तो १९३९-४५ स्टार: पिवळसर तांब्या-जस्ताच्या मिश्रधातूचा सहा टोकांचा तारा, मध्ये राजाची आद्याक्षरे व मुकुट, आणि फितीवर गडद निळा, तांबडा व फिकट निळा असे सारख्या रुंदीचे तीन पट्टे. गडद निळा रंग आरमार व व्यापारी जहाजांचा, तांबडा भूसेनेचा, फिकट निळा हवाईदलाचा. अटलांटिक स्टार आणि बर्मा स्टार हे त्याच घडणीचे तारे असून नाव आणि फीत वेगळी. वॉर मेडल मात्र गोल आणि चंदेरी दिसणारे असते. त्याच्या एका बाजूस राजाचे मस्तक, दुसरीवर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. पहिल्या महायुद्धातील व्यापारी जहाजांचे काशाचे पदक कुणाकडे निघाले तर ते फार जपावे. त्याच्या फितीत हिरवा आणि तांबडा रंग असून मध्ये पांढरी रेघ आहे, जहाजाच्या उजव्या, डाव्या आणि डोलकाठीवरच्या दिव्यांची ती खूण, आणि त्याच्या कडेवर मालकाचे नाव कोरलेले असते. दुसऱ्या युद्धातील ताऱ्यांवर पुष्कळदा नाव नसते, त्यामुळे ते कुणाचे हे सिद्ध करणारे कागद, म्हणजे सीडीसी (तारवट्याची नोकरीची नोंदवही), पगाराची चिठ्ठी, जहाजावरून लिहिलेले पत्र, यांपैकी काहीतरी सोबत मागावे.

जुन्या बाजारात प्रवासी जहाजांच्या नावाची इतरही पदके मिळतात आणि ती विकत घेण्याचा मोह होतो. नॉर्मंडी या फ्रेंच जहाजाच्या १९३५ च्या पहिल्या सफरीसाठी शिल्पकार झाँ व्हेर्नाँ यांनी घडवलेले काशाचे पदक खरोखर सुंदर आहे. लुसिटानियाचे पदक मात्र जपून पाहावे. जर्मन पदककार कार्ल गोट्झ यांनी ते १९१५ साली काढले, त्यावर बुडण्याची तारीख चुकून ५ मे पडली होती, खरी तारीख ७ मे. ब्रिटिशांनी प्रचारासाठी त्याच्या लाखोंच्या घरात नकला वाटल्या. महिन्याचे नाव जर्मन पद्धतीने कोरलेले नसून इंग्रजी पद्धतीने असेल तर ती ब्रिटिश नक्कल समजावी. ही पदके संग्राहकाने अवश्य जमवावीत, पण आपल्या पेटीत त्यांना जागा नाही, कारण त्यांचा मुरगावशी संबंध नाही.

आता माझी चूक. पहिल्या प्रदर्शनापूर्वी शेजारच्या घरून आलेला तारा काळवंडलेला दिसला, म्हणून मी तो देवाची भांडी घासतात तसा चिंचेच्या कोळाने घासला. तो लखलखला, पण मुकुटाच्या रेषा पुसट झाल्या आणि कोळ फितीत उतरून पांढऱ्या कापडावर चहासारखा डाग पडला. ज्या मावशींनी तो दिला होता त्यांनी एकही शब्द उणा काढला नाही. त्यांनी फक्त फीत उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "माझ्या बाप्पाने ही स्वतःच्या हाताने टाचली होती." तेव्हापासून आमचा नियम आहे, की पदकाला चिंच, राख, लिंबू, टूथपेस्ट किंवा पितळेची पावडर लावायची नाही. काळसर थर हे धातूचे संरक्षण आहे. मऊ ब्रशने धूळ झाडावी, कोरड्या सुती कापडाने हलके पुसावे, आणि हाताळताना हातमोजे घालावेत, कारण घामातील मीठ धातूवर बोटांचे ठसे कायमचे उमटवते.

समुद्राकाठच्या हवेत तांब्याच्या मिश्रधातूवर फिकट हिरवे, भुकटीसारखे ठिपके येतात. ते नुसत्या हिरव्या कळकट थरापेक्षा वेगळे असतात: टाचणीने हलके स्पर्शले तर पूड पडते. असे पदक इतरांपासून लगेच वेगळे करून सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावे आणि ते घासण्याच्या भानगडीत न पडता संग्रहालयातील जाणकाराला दाखवावे. पेटी प्लायवूड किंवा एमडीएफची असेल तर त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते, लोकरी कापड आणि फेल्टमुळे चांदी काळी पडते. म्हणून तळाशी धुतलेले, खळ काढलेले, न रंगवलेले सुती कापड अंथरावे. पदक फितीवर टांगून ठेवू नये. तिरक्या फळीवर टेकवून धातूला खालून बारीक आधार द्यावा, आणि टाचणीऐवजी सुती दोऱ्याचे दोन सैल टाके घालावेत. पेटी खिडकीसमोर ठेवू नये. फितीचा रंग उन्हाने एकदा उडाला की परत येत नाही.

पदक घेताना दोन्ही बाजूंचे छायाचित्र, व्यास, वजन, फितीची अवस्था आणि परत करण्याची तारीख अशी पावती दोन प्रतींत करावी, एक घरच्यांकडे, एक आपल्याकडे. ओळखीच्या घरी पावती कशाला, असे कुणी म्हणाले तरी ती करावीच. कागदपत्रे मूळ आणू नयेत. त्यांच्या घरीच ६०० डीपीआयने स्कॅन करून छापील प्रत मांडावी.

आठवणी विचारणे

१९४३ मध्ये आठदहा वर्षांचे असलेले लोक आज नव्वदीत आहेत, त्यामुळे हे काम प्रतिकृतीच्या आधी सुरू केले तरी हरकत नाही. "ग्रिप्सहोल्म पाहिलेत का?" असे विचारू नये. जहाजाचे नाव आपण सांगितले की आठवण त्या नावाभोवती आपोआप रचली जाते. "लढाईच्या दिवसांत बंदरावर काय काय पाहिलेत?" असे विचारून गप्प बसावे. अडचण अशी, की त्याच वर्षी ९ मार्चच्या रात्री मुरगाव बंदरात आसरा घेतलेल्या एहरनफेल्स या जर्मन जहाजावर कलकत्ता लाइट हॉर्स या ब्रिटिशांच्या स्वयंसेवी घोडदळाच्या लोकांनी छापा घातला होता, आणि एहरनफेल्ससह ब्राउनफेल्स, ड्राखनफेल्स व इटलीचे अँफोरा ही जहाजे जळून, बुडून गेली होती. आगीची आठवण ठळक असल्याने दोन्ही प्रसंग एकमेकांत मिसळतात. वेगळे करण्यासाठी सणांचा आधार घ्यावा. ९ मार्च हा त्या वर्षी कार्निव्हलचा शेवटचा दिवस होता. ग्रिप्सहोल्म आले तेव्हा कोजागिरी होऊन गेली होती आणि दिवाळी पंधरवड्याच्या आत आली होती, म्हणजे पोरांचे नरकासुराचे दिवस. जुन्या माणसांना तारीख आठवत नाही, पण घरात पोहे कांडले जात होते की नाही हे नक्की आठवते. जे सांगितले जाईल ते त्यांच्याच शब्दांत, कोकणी असेल तर कोकणीत, लिहून घ्यावे आणि आठवण म्हणूनच मांडावे. त्या काळची वर्तमानपत्रे पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात पाहता येतात. तिथे एक दिवस काढणे अगत्याचे आहे.

फलक

फलक लहान असावा. लोक उभ्याने वाचतात आणि मागे रांग असते. आमचा मुख्य फलक असा आहे:

"ग्रिप्सहोल्म. स्वीडनचे प्रवासी जहाज, बांधणी १९२५. १६ ते २२ ऑक्टोबर १९४३ या काळात मुरगाव बंदरात. १९ ऑक्टोबर रोजी येथील धक्क्यावर जपानी आणि अमेरिका खंडातील नागरिकांची अदलाबदल झाली. प्रतिकृतीचे प्रमाण एकास ३५०."

तारखा तीन वेगवेगळ्या गोष्टींच्या आहेत, येण्याची, अदलाबदलीची आणि जाण्याची. त्या एकात मिसळू देऊ नयेत. अमेरिकेच्या हितसंबंधांची काळजी स्वित्झर्लंड आणि जपानच्या हितसंबंधांची स्पेन पाहत होते, आणि धक्का पोर्तुगीज सत्तेखालचा होता, म्हणून "गोव्याने अदलाबदल घडवून आणली" असे लिहू नये. "गोव्यात झाली" एवढेच खरे आहे आणि माझ्या मते अभिमानाला ते पुरेसे आहे. एका बाजूला चांगली माणसे आणि दुसऱ्या बाजूला वाईट, असा सूरही फलकात येऊ देऊ नये. ग्रिप्सहोल्ममधून उतरलेल्या जपानी कुटुंबांत अमेरिकेतच जन्मलेली मुले होती आणि त्यांनी जपान पूर्वी पाहिलेलाही नव्हता. पाटावरच्या धक्क्यावर पाच मिलिमीटरची माणसे उभी कराल तेव्हा त्यांत मुलेही करावीत. आम्ही साठ माणसे केली, त्यांतली चौदा मुले.

दिवस आणि जागा

वास्कोत सर्वांत मोठी गर्दी श्रावणातील दामोदर भजनी सप्ताहाला होते, आणि तेव्हाच प्रदर्शन मांडावे असे बरेच जण सुचवतात. गर्दीचा विचार केला तर त्यांचे बरोबर आहे, पण त्या ओल्या हवेत पदके उघड्यावर काढणे मला पटत नाही. सप्ताहात फक्त छायाचित्रे लावावीत आणि मूळ मांडणी १६ ते २२ ऑक्टोबर या आठवड्यातच करावी. काचपेटीत सिलिका जेलची पाकिटे ठेवावीत, त्यांतील दाण्यांचा रंग बदलला की काढून तव्यावर मंद आचेवर कोरडी करून घ्यावीत. प्रतिकृतीची आणि पदकांची पेटी यांच्यात किमान दोन पावलांचे अंतर ठेवावे. संध्याकाळी सात वाजता सभागृहातील ट्यूब बंद करून पाच मिनिटे फक्त जहाजाचे दिवे चालू ठेवावेत. शत्रूच्या पाणबुड्यांच्या समुद्रातून एक जहाज उजेड न लपवता कसे गेले असेल, हे त्या पाच मिनिटांत मुलांना न सांगता कळते.

प्रदर्शन संपल्यावर पदके परत करायला मुलांना पाठवू नये, स्वतः जावे. पावतीवरचे छायाचित्र आणि हातातले पदक घरच्यांसमोर शेजारी ठेवून दोन्ही बाजू पडताळाव्यात, वजन पुन्हा करावे, सही घ्यावी, आणि सोबत त्यांच्या पदकाचा फलक व पेटीचे एक छायाचित्र द्यावे. मावशींच्या ताऱ्याची डागाळलेली फीत आम्ही बदलली नाही. नवी फीत मुंबईतून मागवता आली असती, पण त्यांना ती नको होती.